आपला फोटो शेजारणीच्या अल्बममध्ये!

शाळा सुरू झाल्या. पुस्तकांना कव्हरं घालून झाली, रेनकोट शोधून झाले, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झाले. सुट्टीतल्या प्रवासाच्या बॅगा झटकून पुन्हा माळ्यावर गेल्या. आता जरा दुपारची उसंत मिळते आहे, म्हणून विचारते. सुट्टीतल्या सहलींचे फोटो कुठं आहेत हो?

"मोबाईलमध्ये आहेत की!" असंच म्हणाल.

मग एक गंमत करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा आणि ते फोटो काढून मोजा. मुलांचे किती, यजमानांचे किती, सासूबाईंचे किती, डोंगराचे आणि धबधब्याचे किती. आणि तुमचे स्वतःचे किती? बहुतेकींच्या हिशेबात शंभर-दोनशे फोटोंत आपण चार-पाच ठिकाणी निघू. त्यातही एका ठिकाणी वाकून वाढत असू, एका ठिकाणी डोळे मिटलेले असतील, आणि एका ठिकाणी नुसता खांदा! सहलीची तयारी आपण केली, दशम्या आपण बांधल्या, पाण्याच्या बाटल्या आपण भरल्या, फोटोही आपणच काढले. मग आपण फोटोत येणार कुठून?

ही तक्रार लहान वाटते खरी. पण ती किती मोठी होऊ शकते, हे मला माझी आई गेली तेव्हा कळलं.

बारावा फोटो

आई गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. वडिलांना फोटोची हौस. त्यांच्याकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत हा साधा कॅमेरा पुष्कळ दिसायचा. एका रोलवर बारा फोटो निघत. बाराच, म्हणून प्रत्येक फोटो तोलून मापून काढायचा. काळ्या जाड पानांचे, कोपऱ्यांत फोटो खोचलेले तीन अल्बम घरात होते. आम्ही भावंडं ते घेऊन बसलो आणि पान उलटता उलटता गप्प होत गेलो. आजी होती, आत्या होत्या, वडिलांच्या ऑफिसची मंडळी होती, आम्ही तर पानोपानी होतो. आई मात्र कुठं मुलांना धरून उभी, कुठं पाठमोरी. एकच चेहरा सरळ समोर होता, तो भावाच्या मुंजीच्या ग्रुप फोटोत. दुसऱ्या रांगेत चौथी. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तो कापून मोठा करून आणला, तर नुसते ठिपके दिसू लागले.

तेराव्याला पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यातल्या काकू आल्या. जाताना त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. वणीच्या सप्तशृंगी गडावर आम्ही दोन्ही कुटुंबं मिळून गेलो होतो, तेव्हाचा. पायरीवर आई बसली आहे. चपला काढून बाजूला ठेवल्या आहेत. हातात रायवळ आंबा, रस पार कोपरापर्यंत ओघळलेला, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसते आहे!

"आमच्या ह्यांचे अकरा फोटो काढून झाले होते," काकू म्हणाल्या. "एक उरला होता. हे प्रसाद आणायला गेले, तेवढ्यात मीच बटण दाबलं. घरी आल्यावर बोलणी खाल्ली, एक फोटो फुकट घालवला म्हणून."

भाऊ म्हणाला, "आंबा खातानाचा फोटो भिंतीला कसा लावायचा? लोक काय म्हणतील?" थोडी वादावादी झाली. शेवटी वडीलच म्हणाले, "हाच लावा. ही अशी हसते हे मी विसरलोच होतो."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला एक गोष्ट नीट कळली. आपला फोटो आपल्या घरात सापडत नाही, तो शेजारणीच्या अल्बममध्ये असतो. आणि तिचा आपल्याकडे! म्हणून फोटो नुसते काढून भागत नाही. चार जणींनी ते घेऊन एकत्र बसायला हवं.

ही रीत नवी नाही

फोटोची हौस असणाऱ्यांनी जमायचं, आपापले फोटो आणायचे, एकमेकांना दाखवायचे आणि त्यावर बोलायचं, ही कॅमेरा क्लबाची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत 1854 च्या ऑक्टोबरात फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. फोटोग्राफीची कला जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती! सभासदांत गोऱ्या साहेबांचा भरणा असला तरी आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर त्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. या सोसायटीच्या आश्रयानं 1856 पासून हौशी फोटोग्राफरांच्या फोटोंचा एक मासिक अल्बम निघत असे. प्रत्येक अंकात खरे छापलेले तीन फोटो चिकटवलेले असत. सारखेच फोटो दहा घरांत पोचावेत, ही कल्पना तेव्हापासूनची आहे.

त्या मंडळींत बायका दिसत नाहीत. तो काळच तसा होता. बाईनं परपुरुषासमोर फोटोला बसणंही अनेक घरांना चालत नसे. म्हणून तर राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला आणि तिथं फोटो काढायला बाईच नेमली. म्हणजे बाईचा मोकळा चेहरा हवा असेल तर कॅमेऱ्यामागंही बाई हवी, हे त्या काळीसुद्धा उमगलं होतं.

नाशिकच्या सरस्वतीबाई

कॅमेऱ्याची गोष्ट निघाली की आम्हा नाशिककरांना दादासाहेब फाळके आठवतातच. 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी त्यांचा जन्म. सिनेमाच्या नादी लागण्याआधी गोध्र्याला त्यांनी फोटोचं दुकान चालवलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. 1944 मध्ये त्यांचं निधनही इथंच झालं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. रविवारी मुलांना घेऊन आपण तिथं जातो, भेळ खातो आणि परत येतो.

पण दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याविषयी मुलांना कधी सांगतो का? त्या काळी कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. कॅमेऱ्यात सरकण्यासाठी तिला भोकं पाडावी लागत, आणि तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवायलाही त्या शिकल्या होत्या. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत. आणि हे सगळं करून कंपनीच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळत! भांडवल कमी पडलं तेव्हा दागिनेही त्यांनीच काढून दिले.

विचार करा. जी बाई चादर धरून दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडते, ती चौकटीत कधी येत नाही. चौकटीच्या बाहेर उभं राहणं हेच तिचं काम. आपल्या घरोघरच्या अल्बमांत तरी वेगळं काय आहे?

एका सहलीचे फोटो

आता दुसरी गोष्ट, तीही एका सहलीचीच. नवसारीला 1913 मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत होत्या. माणेकशा व्यारावाला यांनी त्यांना कॅमेरा धरायला शिकवलं. त्यांचे पहिले छापून आलेले फोटो कशाचे होते म्हणता? बायकांच्या एका क्लबाच्या सहलीचे! मुंबईतल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'नं ते छापले आणि फोटोमागं एक रुपया दिला. सुरुवातीला त्यांचे फोटो माणेकशांच्या नावावर छापले जात, कारण होमाईंना कोणी ओळखत नव्हतं. पुढं दिल्लीला जाऊन त्यांनी 1947 च्या स्वातंत्र्याच्या सोहळ्यापासून कितीतरी ऐतिहासिक क्षण टिपले आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवलं. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आपल्याला काही दिल्ली गाठायची नाही. पण बायकांची सहल हा फोटोचा विषय होऊ शकतो, आणि तो बाईच्या हातून चांगला उतरतो, एवढं तर यातून घेता येईल ना?

फोटोंची भिशी

तर माझी सूचना अशी. भिशी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तशीच फोटोंची भिशी करा. सोसायटीतल्या, वाड्यातल्या किंवा भजनी मंडळातल्या आठ-दहा जणी पुरेत. महिन्यातून एक दुपार ठरवा. खायला भेळभत्ता किंवा चिवडा ठेवा, पुऱ्या तळत बसू नका, नाहीतर यजमानीण पुन्हा स्वयंपाकघरातच राहायची! नियम अगदी थोडे ठेवा:

पहिला, प्रत्येकीनं पाचच फोटो आणायचे. मोबाईलमधले दोनशे फोटो कोणी बघत नाही. दोनशेतून पाच निवडताना आपल्यालाच कळतं की आपल्याला खरं काय आवडलं होतं.

दुसरा, फोटो दाखवताना आधी आपण बोलायचं नाही. बाकीच्या जणी काय दिसलं ते सांगतील. मग आपण सांगायचं, कोण, कुठं, कधी. गंमत अशी की आपण धबधब्याचा म्हणून काढलेल्या फोटोत दुसरीला कोपऱ्यातली रुसलेली मुलगी आधी दिसते.

तिसरा, "छान, छान" म्हणून सोडायचं नाही. काय चांगलं आणि काय चुकलं, दोन्ही सांगायचं. पण बोलायचं ते फोटोबद्दल, फोटोतल्या बाईच्या वजनाबद्दल नाही!

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. भिशीत चिठ्ठी निघते तशी इथंही काढायची. जिचं नाव निघेल, तिचा फोटो पुढच्या महिन्याभरात बाकीच्यांनी काढायचा. तिला स्टुडिओत बसवून नाही, तर ती जे करत असेल ते करताना. गच्चीवर कुरडया घालताना, ओट्यावरच्या कट्ट्यावर गप्पा मारताना, स्कूटर चालवताना. त्यातला सर्वांत चांगला फोटो वर्गणीतून कागदावर छापून तिला द्यायचा. दहा जणी असतील तर दहा महिन्यांत प्रत्येकीच्या घरी तिचा स्वतःचा एक चांगला फोटो असेल. लाजून पदर तोंडापुढं घेणाऱ्या बाईचं नाव चिठ्ठीत आधी घाला.

फोटो काढताना

पुढच्या सहलीसाठी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

भर दुपारच्या उन्हात चेहऱ्याचे फोटो काढू नका. डोळ्यांखाली आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात. दुपारी मंडळींना झाडाच्या किंवा देवळाच्या सावलीत बसवा. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर उजेड मऊ असतो. गोदाकाठच्या काळ्या दगडांची देवळंही तेव्हाच खुलून दिसतात.

मोबाईलची काच हाताच्या तेलानं आणि पिठानं धूसर होते. फोटोआधी ती जुन्या मऊ सुती कापडानं पुसा. निम्मे फोटो तेवढ्यानंच सुधारतील.

मुलांचे फोटो उभ्यानं काढू नका, खाली बसा. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आला की डोकं मोठं आणि पाय लहान दिसत नाहीत. "इकडे बघ, हस" म्हणू नका. हातात काहीतरी द्या आणि थांबा.

सगळ्यांना देवळासमोर ओळीत उभं करण्याचा एक फोटो काढा, पण एकच. मग बाकीचं टिपा. एसटी स्टँडवर सामानावर बसलेली आजी, गाडीत खांद्यावर मान टाकून झोपलेली वन्सं, डबे उघडल्यावरची झुंबड. दहा वर्षांनी देऊळ तिथंच असेल, तो डबा आणि ती झुंबड नसेल.

मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत घोटीवरून भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला पुष्कळ मंडळी जातात. तिथं फ्लॅश आणि बॅटरी लावू नका. काजव्यांचं लुकलुकणं ही त्यांची जोडीदाराला दिलेली साद असते. आपल्या उजेडानं ती साद बुजते, आणि फोटोतही काजवे येत नाहीत, नुसतं उजळलेलं झाड येतं. ही मजा डोळ्यांनीच घ्यावी.

आणि हो, रामकुंडावर स्नान करणाऱ्या बायकांचे किंवा दशक्रियेला बसलेल्या माणसांचे फोटो काढू नयेत, हे सांगायला नकोच. दुसऱ्या कोणाचाही फोटो काढण्याआधी विचारावं, आणि भिशीतल्या मैत्रिणीचा फोटो तिला विचारल्याशिवाय पुढं धाडू नये. आपण बाहेरगावी असताना तिथले फोटो जगजाहीर करणं म्हणजे घराला कुलूप आहे अशी पाटीच लावणं. ते परत आल्यावर करावं.

फोटो जपताना

मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. फोटो आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवाच. वर्षाकाठी निवडक तीस-पस्तीस फोटो कागदावर छापून घ्या. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो लहान होऊन जातो आणि छापताना फाटल्यासारखा दिसतो.

चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक असलेले अल्बम दिसतात छान, पण त्यातला डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटो निघता निघत नाही. कोपऱ्यांत खोचायचे जुन्या पद्धतीचे अल्बमच बरे. अल्बम न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. जुन्या फोटोवर ओलं फडकं फिरवू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तो फाटेल. काचेसकटच त्याचा आधी मोबाईलनं फोटो घेऊन ठेवा. खिडकीपाशी, सावलीत, फ्लॅश न लावता घेतला की काच चमकत नाही.

आणि नावं लिहा! फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात. मागची बाजू गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर वहीत क्रमांक घालून लिहा. "वहिनी, वणी" एवढ्यानं भागत नाही. कोणाची वहिनी? माहेरचं नाव काय? साल कोणतं? आज हे आपल्याला पाठ आहे, पण आपल्या नातवंडांना तो फोटो म्हणजे एक अनोळखी बाई असेल. घरात कोणी वयस्कर असेल तर याच रविवारी अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसा. हे काम पुढं ढकलण्यासारखं नाही, बरं का.

तर मग?

आमच्या दिवाणखान्यात आईचा तो फोटो आजही आहे. नवा पाहुणा आला की आधी थबकतो. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत कोणी आंबा खात हसतं का! मग विचारतो, "कोण या?" आणि आम्ही सांगायला लागतो. गंभीर चेहऱ्याच्या फोटोला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

काकूंना मात्र त्या दिवशी विचारायचं राहून गेलं की तुमचा फोटो कोणाकडे आहे? पुढं एकदा वडिलांच्या अल्बमात शोधला, तर मिळाला. त्याच गडावर, त्याच पायऱ्यांवर, आमच्या घोळक्याच्या मागं, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या आहेत. मी तो छापून त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, खूप वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "अगंबाई, ही साडी माझ्याकडे होती होय!"

तुमच्याकडच्या अल्बमात, तुमच्या मोबाईलमध्ये कोणाकोणाचे असे फोटो आहेत? आज दुपारी एकदा बघा. आणि चहाच्या वेळेला शेजारचं दार वाजवा.